फडात सापडलेली बाई कुठली? हाडांतले आयसोटोप, एक वेणी आणि न मिटलेली फाईल

फौंड्रीवाला · रविवार, रात्री ९:५०

राम राम मंडळी. धागा लांबडा होणार आहे आणि विषय मढ्याचा आहे. जेवायला बसला असाल तर आधी जेवून घ्या.

२००६ सालचा फेब्रुवारी. आमचे आबा तेव्हा गावचे पोलीस पाटील. करवीर तालुक्यातलं गाव, नाव नको. नदीकडच्या मळीत आडसाली उसाची तोड चालली होती, टोळी बीडकडची. भर दुपारी मुकादम पळत दारात आला, "पाटील, सरीत माणूस हाय." मी डिप्लोमाला होतो, सुट्टीला घरी आलेला. आबांच्या मागनं मीही गेलो.

पाचटाखाली हाडं होती, रंग वाळल्या चिपाडाचा. हिरव्या काचेच्या दोन बांगड्या, त्यातली एक फुटलेली. साडीचा कुजका काठ. आणि कवटीपासून हातभर लांब अख्खीच्या अख्खी वेणी, लाल रिबिनीसकट. कवटीवर एक केस नाही, वेणी मात्र सकाळी घातल्यासारखी. वीस वर्षं होत आली, पण बाकी सगळं पुसट झालं तरी ती वेणी जात नाही डोक्यातनं.

पंचनामा झाला, अकस्मात मृत्यूची नोंद झाली. दवाखान्यातनं अभिप्राय आला : बाई, वय २५ ते ३५, मरणाचं कारण सांगता येत नाही. 'टोळीतलीच कोणतरी असणार' हे मात्र हाडं पोत्यात भरायच्या आधी, बांधावरच ठरलं होतं. त्याप्रमाणे बीडकडच्या ठाण्यांना पत्रं गेली. तिकडनं काही जुळलं नाही आणि फाईल तशीच बांधून ठेवली. आबा अजून दर तोडीला एकदा तरी म्हणतात, "त्या बाईचं काय कळलं नाही बघ."

आता मुद्दा. मी शिरोलीतल्या एका फौंड्रीत लॅब बघतो. रस ओतायच्या आधी रुपयाएवढं नाणं ओतून, घासून स्पेक्ट्रोवर मारतो. कार्बन किती, सिलिकॉन किती, अर्ध्या मिनिटात आकडा. गेल्या आठवड्यात वाचलं, की असं यंत्र आहे जे कार्बन किती हे नाही, तर कार्बन *कुठल्या जातीचा* हे सांगतं, आणि त्यावरून हाडाचा माणूस कुठं वाढला, काय खात होता हे काढतात. हे खरं आहे का? आणि इतक्या वर्षांनी आमच्या त्या बाईसाठी काही होईल का?

बिंदू_चौक · रात्री १०:०५

भावा, सरळ डीएनए करायचा की. हे कशाला मधीच?

फौंड्रीवाला · रात्री १०:०९

डीएनए करशील, पण जुळवणार कुणाशी? समोर आई, भाऊ, लेक कोणतरी पाहिजे ना. इथं मुळात कुठल्या जिल्ह्यात विचारायचं तेच ठाऊक नाही.

डॉ_गारगोटी · रात्री ११:२०

फौंड्रीवाल्यांनी नेमका मुद्दा पकडलाय, म्हणून झोप सोडून लिहितोय. मी न्यायवैद्यक विभागात बरीच वर्षं काढली. अनोळखी मढ्याची खरी अडचण चाचणीची नसते, पत्त्याची असते. डीएनए नाव सांगतो, पण समोर जुळवायला माणूस असेल तरच. आयसोटोप, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू, नाव कधीच सांगत नाही. तो एवढंच सांगतो की विचारायला कुठं जा.

तुमच्याच भाषेत सांगतो. चार्जमध्ये जे भंगार टाकाल ते कास्टिंगमध्ये उतरतं की नाही? भंगारात तांबं आलं तर स्पेक्ट्रोत दिसतंच, किती लपवा. माणसाचंही तेच. हाड, दात, केस हे खाल्लेल्या अन्नाचं आणि प्यायलेल्या पाण्याचं ओतकाम आहे. निसर्गातल्या कार्बनमध्ये शंभरात साधारण एक अणू जरा जड असतो, कार्बन-१३. तो किरणोत्सारी नाही, बदलत नाही, आहे तसा राहतो. म्हणून स्थिर आयसोटोप.

भात, गहू, डाळी, भाज्या ही एक तऱ्हा. ऊस, जोंधळा, बाजरी, मका, नाचणी ही दुसरी. हवेतला कार्बन पकडायची दोघांची रीत वेगळी, त्यामुळे दुसऱ्या तऱ्हेत जड कार्बन जास्त उरतो. मोजमाप एका ठरावीक मापट्याशी ताडून हजारात सांगतात : भात-गव्हाची झाडं उणे २७ च्या आसपास, ऊस-जोंधळा उणे १२ च्या आसपास. मध्ये मोकळं रान. जन्मभर भातावर वाढलेल्या माणसाच्या हाडातलं कोलॅजन, म्हणजे हाडातलं प्रथिन, उणे २० च्या घरात येतं, आणि निव्वळ जोंधळा-बाजरीवर वाढलेल्याचं उणे ७ पर्यंत चढू शकतं. एवढा फरक असला की यंत्राला चुकायला जागा नाही.

नायट्रोजन-१५ वरून दूध-मांस-मासळी किती ते कळतं, कारण खाणाऱ्यात तो खाल्लेल्यापेक्षा हजारात ३ ते ५ नी वर जातो. ऑक्सिजन आणि हायड्रोजन पाण्यातनं येतात. स्ट्रॉन्शियम खडकातनं मातीत, मातीतनं पिकात, पिकातनं दातात. खडकांवर बोलायला इथं माझ्यापेक्षा जाणते लोक आहेत.

आजऱ्याची_मैना · रात्री ११:४१

बापरे! मी दोनदा वाचलो तेव्हा कळलं. म्हणजे आमच्याकडची भात-नाचणीवाली बाई आणि शिरोळची गहू-जोंधळेवाली बाई हाडावरनं वेगळी कळंल?

पेठकर · रात्री ११:४४

अवांतर : 'मी वाचलो'? आजऱ्याची मैना ताई की दादा?

आजऱ्याची_मैना · रात्री ११:४६

ताईच हाय. आमच्यात बाया पण 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. तुमच्या पेठेत आयसोटोप वेगळा असंल.

डॉ_गारगोटी · सोमवार, सकाळी ७:१५

मैनाताई, प्रश्न नेमका आहे आणि उत्तर अर्धवट आहे. भात जास्त खाणारी आणि भाकरी जास्त खाणारी वेगळी कळेल. पण नाचणीही भाकरीच्याच तऱ्हेत मोडते, म्हणजे भातासोबत नाचणी आली की आकडा मधेच कुठंतरी लटकतो. त्यातून आपल्याकडं चहातली साखर उसाची, गूळ उसाचा. म्हशीला वाडं आणि कडबा, म्हणजे दूधही त्याच वाटेनं आलेलं. कोल्हापूरकर जन्मभर दूध-गूळ खातो तो कार्बनच्या हिशेबात उसातच उभा असतो म्हणा.

एक गंमत. मधात साखर मिसळलीय का हे ओळखायला हीच चाचणी वापरतात, कारण मधमाशी बहुतेक करून पहिल्या तऱ्हेच्या फुलांवर जाते आणि साखर असते उसाची. पण कुणी गुळात साखर मिसळली तर? दोन्ही उसाचंच. कार्बनवाल्या यंत्राला काही दिसणार नाही.

गूळ_मार्केट · सकाळी ८:०२

डॉक्टर, हे मोठ्यानं बोलू नका.

खडकफोड्या · सकाळी ९:३०

माझं नाव निघालं म्हणून आलो. हाडांतलं मला फार कळत नाही, दगडातलं कळतं.

आपल्या पायाखाली दख्खनचा बेसाल्ट आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. भूशास्त्राच्या मानानं हे कालचं पोर. दगडात रुबिडियम-८७ असतो, तो फार फार सावकाश स्ट्रॉन्शियम-८७ होत जातो. अर्धा व्हायला सुमारे ४,९०० कोटी वर्षं. म्हणून दगड जितका म्हातारा आणि त्यात रुबिडियम जितका जास्त, तितकं स्ट्रॉन्शियम-८७ चं ८६ शी गुणोत्तर चढं. दख्खनी बेसाल्टात ते बहुतेक ठिकाणी ०.७०४ ते ०.७१० च्या दरम्यान येतं. बेळगाव ओलांडून कर्नाटकात आत गेलात की बेसाल्ट संपतो आणि धारवाडचे जुने खडक लागतात, २५० कोटी वर्षांच्या वरचे. तिथं ०.७२ च्या वरचे आकडे सहज मिळतात. फरक दशांशाच्या दुसऱ्या घरात दिसतो, पण यंत्र पाचव्या घरापर्यंत मोजतं, त्यामुळे हे अंतर त्याच्यासाठी कोसभर आहे.

आता फौंड्रीवाल्यांच्या आशेवर जरा पाणी ओततो, माफ करा. बीडही बेसाल्ट आणि करवीरही बेसाल्ट. स्ट्रॉन्शियमवरून ती दोन गावं एकमेकांपासून सुटी करणं अवघड. शिवाय नुसता खडक मोजून भागत नाही. शेतात सुपर फॉस्फेट पडतं, त्याचं स्वतःचं स्ट्रॉन्शियम असतं, वाऱ्याची धूळ असते. म्हणून आधी त्या त्या भागातलं गवत, गोगलगायीचे शंख, शेतातल्या उंदराची हाडं मोजून नकाशा करावा लागतो. उंदीर बिचारा बांध सोडून लांब जात नाही, त्याच्या हाडात त्या रानाचा अस्सल आकडा मिळतो.

सीमाभागातला · सकाळी १०:१०

म्हणजे बेळगाव-निपाणीचा वाद आयसोटोपनं मिटवता येईल का? निपाणी बेसाल्टवर आहे, मग महाराष्ट्रात!

खडकफोड्या · सकाळी १०:१४

तसं धरलं तर अर्धा मध्य प्रदेश आणि सौराष्ट्रही मागावा लागेल. बेसाल्ट पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय.

मिरजकर_मास्तर · दुपारी १:२५

परदेशातल्या दोन गोष्टी सांगतो. २१ सप्टेंबर २००१ ला लंडनमध्ये टेम्स नदीत एका लहान मुलाचं धड सापडलं. डोकं, हातपाय नाहीत, अंगावर नारिंगी चड्डी. वय ५-६ असावं. पोलिसांनी त्याला नाव दिलं ॲडम. हाडातल्या स्ट्रॉन्शियमवरून प्राध्यापक केन पाय यांनी सांगितलं की हे पोर अतिप्राचीन खडकांच्या प्रदेशात वाढलंय. पोलीस थेट नायजेरियात गेले, माती, हाडं, बाजारातलं मांस अशा वस्तू गोळा करून आणल्या, आणि माग इबादान ते बेनिन सिटी या पट्ट्यापर्यंत आला. अख्ख्या आफ्रिका खंडातनं एक पट्टा. तरी त्या मुलाची ओळख पक्की कधी झालीच नाही.

दुसरी अमेरिकेतली. २००० साली युटामध्ये ग्रेट सॉल्ट लेकजवळ एका तरुणीची हाडं आणि थोडे केस मिळाले. केसांच्या तुकड्यांवरून तिथल्या शास्त्रज्ञांनी सांगितलं की ही शेवटच्या काळात एका जागी राहत नव्हती, वायव्येकडच्या राज्यांत जाऊन-येऊन होती. २०१२ ला डीएनए जुळला. ती वाढलेली निघाली वायव्येकडच्या वॉशिंग्टन राज्यातली.

फौंड्रीवाला · दुपारी १:४०

मास्तर, केसांवरून? म्हणजे वेणी??

डॉ_गारगोटी · दुपारी ३:०५

याच प्रश्नाची वाट बघत होतो. तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये 'वेणी' वाचलं तेव्हापासून मी हाडं विसरलोय.

शरीरातली प्रत्येक वस्तू वेगळ्या काळाची वही आहे. पहिल्या दाढेचं वरचं कवच जन्मापासून साधारण ३ वर्षांपर्यंत तयार होतं, अक्कलदाढेचं ८-९ वर्षांपासून पुढं पौगंडावस्थेपर्यंत. एकदा झालं की ते कवच बदलत नाही, म्हणून बाई कुठं जन्मली आणि कुठल्या गावात वयात आली हे दोन दाढा वेगवेगळं सांगतात. मांडीचं हाड सतत मोडत-घडत असतं, त्यात शेवटच्या दहा-पंधरा-वीस वर्षांची सरासरी. बरगडीत त्याहून अलीकडचं.

आणि केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. मुळाकडचा सेंटिमीटर म्हणजे मरणाआधीचा महिना. त्याच्या पुढचा त्याच्या आधीचा. वेणी ६० सेंटिमीटरची असेल तर ती ६० महिन्यांची रोजकीर्द झाली : पाच वर्षं ती काय खात होती, कुठलं पाणी पीत होती. टोळीतली असेल तर दर हिवाळ्यात कोल्हापूर आणि दर पावसाळ्यात गाव, असे पाण्याचे पाच झोके दिसण्याची शक्यता. टोळीतली नसेल तर झोके नाहीत. शेवटचे महिने उपाशी काढले असतील तर तेही निघतं, कारण शरीर स्वतःचंच मांस जाळायला लागलं की मुळाकडच्या केसात नायट्रोजन-१५ चढतो.

पाण्याबद्दल थोडं. समुद्रावरनं आलेला ढग जड अणूंचं पाणी आधी टाकतो आणि पुढं जाताना हलकं होत जातो. म्हणून घाटमाथा, देश आणि पार आतला मुलूख यांच्या पाण्यात फरक पडतो. हिमालयातल्या बर्फावर पोसलेल्या नद्यांत तर जड ऑक्सिजन चांगलाच कमी. उलट उन्हाळ्यात आटलेल्या तळ्यात तो जास्त, कारण हलकं पाणी आधी उडून जातं. २००८ साली युटा विद्यापीठाच्या एलरिंजर-सर्लिंग यांच्या गटानं अमेरिकाभर न्हाव्यांच्या दुकानांत पडलेले केस गोळा केले आणि दाखवलं की केसातल्या ऑक्सिजन-हायड्रोजनचा चढउतार बहुतांशी त्या गावच्या नळाच्या पाण्यानं समजावता येतो.

रंकाळा_फिरस्ता · दुपारी ३:३०

म्हणजे २०२३ नंतरच्या कोल्हापूरकराच्या केसात काळम्मावाडीचं पाणी दिसणार आणि त्याआधीच्यात भोगावतीचं. थेट पाईपलाईन आली हे अखेर शास्त्रानं सिद्ध होणार! 😄

आजऱ्याची_मैना · दुपारी ३:३८

आमच्या पावण्यांच्या पेठेत नळाला दोन दिवसाआड पाणी. केसात गॅप दिसंल.

निर्भीड_मत · सायं. ५:१२

शाकाहारी-मांसाहारी कळतं म्हटल्यावर जात पण कळणारच की. ते स्पष्ट का लिहीत नाही?

डॉ_गारगोटी · सायं. ५:५०

नाही कळत, आणि तसं वाटणं हाच या विषयातला मोठा धोका आहे. नायट्रोजन दूधदुभत्यानंही वर जातो, आजारानंही, शेणखताच्या पिकानंही. कडधान्यानं खाली येतो. भरपूर ताक पिणारी माळकरी बाई आणि आठवड्याला एकदा रस्सा खाणारी बाई एकाच आकड्यावर बसू शकतात. आकड्यावर कुणाची जात लिहिणारा माणूस प्रयोगशाळेत नको आणि ठाण्यातही नको. तुमच्या बांधावर 'टोळीतलीच असणार' ज्यानं ठरवलं, त्यानं तरी दुसरं काय केलं होतं?

संपादक_मंडळ · सायं. ६:०४

याच्या पुढचे चार प्रतिसाद उडवले आहेत. विषयावर राहा.

पेठकर · सायं. ७:२०

भारतात असं काही झालंय का, की सगळं अमेरिका-इंग्लंडच?

मिरजकर_मास्तर · सायं. ७:४५

झालंय की, आणि फार मोठं झालंय. पंजाबात अमृतसरजवळ अजनाळा. २०१४ साली तिथल्या गुरुद्वाऱ्याखालची जुनी विहीर लोकांनी उकरली, त्यात शेकडो माणसांची हाडं. काहींचं म्हणणं फाळणीतली, काहींचं म्हणणं १८५७ सालची, लाहोरच्या मियां मीर छावणीतून निसटलेल्या २६ व्या पलटणीच्या शिपायांची. पंजाब विद्यापीठ, हैदराबादची सीसीएमबी ही पेशी-रेणू संशोधन संस्था, लखनौची बिरबल साहनी संस्था आणि बनारस हिंदू विद्यापीठ यांनी मिळून काम केलं. ५० नमुन्यांचा डीएनए, ८५ चे आयसोटोप. २०२२ ला निष्कर्ष छापून आला : ही माणसं पंजाबात वाढलेली नाहीत, गंगेच्या खोऱ्यातली आहेत. पलटणीत पूर्वेकडचे लोक होते हे कागदोपत्री होतंच, ते दातांनी सांगितलं.

वहिनीसाहेब · रात्री ८:३०

आमच्याकडं ऊस तोडायच्या आधी पेटवतात. तसं झालं असतं तर सगळं गेलं असतं ना? आणि आपल्यात जाळायचीच पद्धत. मग उरतं काय?

डॉ_गारगोटी · रात्री ९:०५

वहिनी, पाचटाची आग झर्रकन येते आणि जाते, हाड आतपर्यंत भाजत नाही. दात जबड्यात असतात, तेवढ्यानं बहुधा निभावतात. चिता मात्र वेगळी. तिथं हाड पांढरंफटक होतं, कोलॅजन जळून जातं, म्हणजे कार्बन-नायट्रोजनचा जेवणाचा हिशेब गेला. पण पूर्ण भाजलेल्या हाडात स्ट्रॉन्शियम घट्ट अडकून राहतं. इंग्लंडात स्टोनहेंज या प्राचीन शिळांच्या वर्तुळापाशी दहन केलेल्या २५ जणांची हाडं तपासली. २०१८ ला छापून आलं, की त्यातले १० जण त्या भागात राहणारे नव्हते, बहुधा पश्चिम वेल्सकडून आलेले. पाच हजार वर्षांपूर्वीच्या चितेतनं निघालेला पत्ता आहे हा.

त्यापेक्षा ओली माती जास्त त्रास देते. हाड भोकाभोकाचं, त्यात मातीतलं पाणी शिरतं आणि मग तुम्ही बाईऐवजी शेत मोजता. म्हणून आधी कोलॅजनमधलं कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण बघतात, ते २.९ ते ३.६ च्या मध्ये असेल तरच हाड विश्वासाचं.

फौंड्रीवाला · रात्री ९:४०

डॉक्टर, एका वाक्यात सांगा. आमच्या बाईचं काय निघेल?

डॉ_गारगोटी · रात्री १०:३०

एका वाक्यात नाही जमणार.

करवीर की बीड, हे कार्बन आणि स्ट्रॉन्शियमवरून सांगणारा मला भेटला तर मी त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही. दोन्हीकडं भाकरी, दोन्हीकडं काळा दगड. रेशनच्या गव्हानं तर आणखी घोळ. पण दख्खनची की बाहेरची, हे बऱ्यापैकी ठामपणे सांगता येईल. भाताच्या मुलखातली, म्हणजे कोकणातली किंवा ओडिशा-बंगालकडची असेल तर कार्बनच ओरडून सांगेल. कोकण किनाऱ्याची असेल तर मासळीनं नायट्रोजन वर आणि समुद्राच्या फवाऱ्यानं गंधकाचा आयसोटोपही चढा. बेळगावच्या पलीकडच्या जुन्या खडकावर वाढलेली असेल तर अक्कलदाढ बोलेल. आणि बीड की करवीर यावर काही बोललीच, तर ती वेणी बोलेल.

माझ्या मते मोठी गोष्ट ही, की तुमच्या फाईलमधली पत्रं फक्त एका दिशेला गेली होती. ती दिशाच चुकलेली असू शकते हे दोन दाढा सांगू शकतात. जुनं प्रकरण असल्याचा उलट फायदाच. २००६ च्या खेड्यातली बाई घरच्या जोंधळ्याची भाकरी खाणार आणि विहिरीचं नाहीतर नदीचं पाणी पिणार. आजचा मुलगा बाटलीचं पाणी आणि कुठल्या तरी गोदामातलं पाकीट खातो, त्याचा पत्ता काढणं अवघड होत जाणार आहे.

अजून एक, हे स्थिर आयसोटोपात मोडत नाही पण सांगतो. १९५० च्या दशकापासून १९६३ पर्यंत उघड्यावर अणुचाचण्या झाल्या, त्यानं हवेतला कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झाला आणि मग वर्षागणिक उतरत गेला. दाताच्या कवचात त्या त्या वर्षाचा आकडा गोठतो. स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २००५ ला दाखवलं की त्यावरून जन्मसाल सरासरी दीड-पावणेदोन वर्षांच्या फरकानं काढता येतं. तुमची बाई १९७१ ते १९८१ च्या दरम्यान जन्मलेली धरली तर ती नेमकी उतारावर येते, जिथं हे उत्तम चालतं. '२५ ते ३५' ऐवजी 'जन्म १९७६ च्या आगेमागे' एवढं मिळालं तर हरवलेल्यांच्या याद्या चाळणाऱ्याचं निम्मं काम झालं.

यंत्रं देशात आहेत. अहमदाबादच्या पीआरएल या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेनं देशभरच्या पाण्याच्या आयसोटोपांचं मोठं काम केलंय, पुण्याची उष्णदेशीय हवामान संस्था पावसाचं करते. अडतं ते नमुन्यापाशी. अनोळखी मढं ठरावीक दिवस ठेवतात आणि मग विल्हेवाट. व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवायची सवय आपल्याला आहे. तशीच दोन दाढा आणि केसांची एक बट राखून ठेवायची सवय लावायला खर्च नाही. केस कातडीजवळ दोऱ्यानं बांधायचे, मुळाकडची बाजू कुठली ते लिहायचं, कागदात गुंडाळायचं. प्लास्टिकच्या पिशवीत ओलं कोंडून बुरशी आणायची नाही. झालं.

बिंदू_चौक · रात्री १०:४१

डॉक्टर, नाद खुळा. वरचा 'डीएनए करायचा की' माघारी घेतो.

कोर्टकचेरी · मंगळवार, सकाळी ९:१५

फौंड्रीवाले, प्रक्रियेचं मी सांगतो. तुमच्या वेळी ती नोंद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली झाली असणार. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४ झालंय. दोन गोष्टी शोधा : मढं पुरलं की जाळलं, आणि वेणी-बांगड्या मुद्देमालात जमा झाल्या का. पुरलं असेल तर उकरायला कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा हुकूम लागतो, फावडं घेऊन जाऊ नका. मुद्देमाल असेल तर त्याचा नंबर आणि नष्ट केला असल्यास त्याचा पंचनामा माहिती अधिकारात मागा. आबा पंच होते का? असतील तर त्यांना आठवेल.

फौंड्रीवाला · मंगळवार, रात्री १०:५५

रात्रपाळी सोडून आज गावी गेलो होतो, म्हणून उशीर.

आबा ८१ चे आहेत. सकाळचं जेवण आठवत नाही, पण हे सगळं धडाधड सांगितलं. वेणी वर्तमानपत्रात गुंडाळली, त्यावर दोरा, त्यावर लाख. बांगड्या वेगळ्या पुडीत. आबांनी पंच म्हणून दोन्हीवर सही केली. "पिशवी नव्हती म्हणून पेपरात घातली," म्हणाले, जसं काय चूकच झाली. मी म्हटलं, आबा, नेमकं बरोबर केलंत. पुडी पुढं कुठं गेली ते त्यांना माहीत नाही. ठाण्याची इमारत मधल्या काळात बदलली आणि दोन महापुरांत खालच्या खोलीत पाणी होतं, एवढं मला माहीत आहे.

आणि मढं पुरलंय. ओढ्याच्या कडेला, चिंचेखाली. आबांनीच उशाला खूण म्हणून दगड रोवला होता. मी बघायला गेलो. दगडाला शेंदूर आहे, पुढं हिरव्या बांगड्यांचा ढीग, नारळाच्या करवंट्या. शेजारच्या रानवाल्याला विचारलं, तर म्हणाला, "फडातली आई हाय ती. टोळ्या आल्या की पहिला कोयता तिच्या पायाशी ठेवून मग तोडीला लागत्यात." कधीपासून, तर त्याला ठाऊक नाही. त्याच्या मते पहिल्यापासूनच आहे.

आता दंडाधिकाऱ्यांना अर्जात काय लिहू? देव उकरायचाय म्हणून?

कोर्टकचेरी · रात्री ११:१०

'देव' शब्द कागदावर आणू नका, तहसील कचेरीत फाईल तिथंच गोठेल. २००६ चा अकस्मात मृत्यू क्रमांक घालून लिहा.

आजऱ्याची_मैना · रात्री ११:१८

तिच्या दातावरनं कुणाला तिचं गाव कळलं आणि तिथं तिची म्हातारी आई जित्ती असली तर? मी तर म्हणतो उकरा. आधी नारळ फोडा, मग उकरा.

डॉ_गारगोटी · रात्री ११:३०

चिंचेला हात लावायच्या आधी पुडी शोधा. त्या वर्षीच्या मुद्देमालाच्या रजिस्टरचं पान मागा, मी अर्जाचा मसुदा व्यनि (खासगी निरोप) करतो. आणि फौंड्रीवाले, आबांना विचारून ठेवा : वेणी गुंडाळताना रिबीन कुठल्या टोकाला होती?

फौंड्रीवाला · रात्री ११:५२

विचारलं. शेंड्याला. मुळाकडची बाजू बातमीच्या बाजूनं आणि रिबीन जाहिरातीच्या बाजूनं गुंडाळली होती म्हणे. मसुदा पाठवा डॉक्टर, उद्या पहिल्या पाळीनंतर जातो.